कपाळावरचं बोट

असे लेख निवृत्त माणसांनी लिहायचे असतात. पेन्शन सुरू झाली, गुडघे कुरकुरायला लागले, की माणूस दिवाळी अंकात आपल्या नोकरीबद्दल लिहितो. माझं वय अठ्ठावीस आहे. तरी संपादकांनी विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं, कारण दमण्याच्या बाबतीत मी कुठल्याही सेवानिवृत्ताच्या बरोबरीला बसेन. सात वर्षं नगर जिल्ह्यातल्या एसट्या, जीपगाड्यांचे टप आणि कुणाकुणाच्या सायकलींची कॅरिअर यांवर बसून मी एकच काम केलं. ज्यांना अजून बोलता येत नाही अशा तान्ह्या मुलांना हातानं बोलायला शिकवलं.

हे सांगितलं की लोक हसतात. तान्ह्या मुलांना कुठं भाषा असते, म्हणतात. नसते, पण ती आत शिरत असते. ऐकू येणारं मूल वर्षभर मांडीवर पडून घरातलं बोलणं पीत असतं, म्हणून वर्षाचं झालं की "आई" म्हणतं. ज्याच्या कानात काहीच शिरत नाही ते मूल तेच वर्ष उपाशी काढतं. आणि हे कुणाच्या लक्षात कधी येतं? तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोवर "याचा चुलता पण उशिराच बोलायला लागला होता" एवढ्यावर घर निभावतं. माझं काम त्या मुलाला पाळण्यातच गाठायचं आणि कानानं जे शिरत नाही ते डोळ्यांनी आत घालायचं. जिभेआधी हात पिकतो. सात-आठ महिन्यांचं मूल टाटा करतं, ते काय बोलणं नाही?

मला हे कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नाही. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर वडील चालायचे. मोर्चाचं पत्रक, पाणवठ्याचं पत्रक, हुंड्याविरुद्धचं, बुवाबाजीविरुद्धचं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या रद्दीवर, त्यामुळे अजूनही माझं साधं बोलणं मागण्यांसारखं येतं असं आई म्हणते. त्या छापखान्यात खिळे जुळवायला दगडूकाका होते. जन्मापासून बहिरे. मशीनच्या खडखडाटात ज्याला त्रास होत नाही असा कंपोझिटर म्हणून वडिलांनी त्यांना ठेवलं होतं, हे वडील चेष्टेनं सांगत, पण त्यांच्यासारखं बिनचूक जुळवणारा माणूस नगरात दुसरा नव्हता. मी रांगत असायचे ती त्यांच्या स्टुलाखाली. आई सांगते, मी "पाणी" हा शब्द तोंडानं म्हणायच्या चार महिने आधी अंगठा ओठांकडे नेऊन पाणी मागत होते. माझी जीभ काही त्यामुळे आळशी झाली नाही. उलट झाली असती तर बरं, असंही आई म्हणते.

दगडूकाकांच्या भाषेत आई म्हणजे कपाळाच्या मधोमध टेकवलेलं बोट. कुंकू. वडिलांनी एकदा कुंकू-बांगड्यांच्या रूढीविरुद्ध कडक पत्रक काढलं होतं. ते दगडूकाकांनीच जुळवलं आणि दुपारी जेवायची वेळ झाली तेव्हा "आईला विचार, ताट वाढलंय का" म्हणून मला कपाळावर बोट ठेवून दाखवलं. पत्रक वाळत टांगलेलं होतं त्याच्याखालीच. त्यात काही विसंगत आहे असं वडिलांना वाटलं नाही, मला वाटलं नाही, आणि रूढी मोडणाऱ्या आमच्या घरात माझी आई तर रोज कुंकू लावायचीच. हे इथे सांगून ठेवते, कारण पुढची माझी चूक इथूनच आलेली आहे.

बहिऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या नगरच्या एका संस्थेत मी गृहभेटीची कार्यकर्ती म्हणून लागले. कामाचं स्वरूप लिहून दिलेलं होतं: बहिरेपणाचा संशय असलेली मुलं शोधणे, तपासणीला पाठवणे, श्रवणयंत्र वापरायला शिकवणे, आईला मुलाशी सतत बोलायला सांगणे. शेवटच्या ओळीखाली रेघ मारली होती. हातवारे करू नयेत. हात चालले तर जीभ चालत नाही, असा तेव्हा सगळीकडेच समज होता. मी पहिल्याच महिन्यात त्याच्याविरुद्ध पत्रक लिहिलं, "हातांची तोंडं बांधू नका" अशा मथळ्याचं, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"छपाई सुरेख आहे," म्हणाले. "तुमच्याकडंच करता का? आमची पावतीपुस्तकं छापायचीत."

मग मी भांडायचं सोडलं आणि खेड्यात जाऊन मला पाहिजे तेच करायला लागले. वहीत "बोलण्याचा सराव" लिहायचं आणि घरात हात उघडायचे. तत्त्वाच्या माणसानं असं खोटं लिहावं का, हा प्रश्न मी एसटीत बसून स्वतःला पुष्कळदा विचारला. अकोल्याच्या घाटात उलटी येत असताना तत्त्वाचे प्रश्न फार वेळ टिकत नाहीत.

अकोले तालुक्यातलं पहिलं मूल भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला होतं. त्याचे आजोबा मला दारातच म्हणाले, "पोराला चांगलं ऐकू येतं. ह्ये बगा." बाजेवर पडलेल्या पोराच्या मागं त्यांनी बाजेच्या माच्यावर काठी आपटली. पोरानं वळून पाहिलं. मी मुलाला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हटलं, आता आपटा. त्यांनी आपटली. पुन्हा आपटली. मग काठी भिंतीला टेकवून ते ओट्यावर जाऊन बसले. बाजेची दोरी हलली होती, एवढंच. हे असं लोकांच्या हातातून काहीतरी काढून घ्यायचं, ही या कामाची सुरुवात असते. त्याची सवय होत नाही.

त्याच आजोबांनी पुढं माझी जिरवली. मुलाला भरवताना "बास" ही खूण मी प्रत्येक घरात शिकवते, तशी त्यांनाही शिकवली होती: तळहात समोर धरून एकदा आडवा हलवायचा. पाचव्या-सहाव्या भेटीला मी अंगारे-धुपारे आणि अज्ञान यांवर तावातावानं बोलत होते. म्हातारबुवांनी शांतपणे तळहात माझ्यासमोर धरला आणि एकदा आडवा हलवला. सून पदर तोंडाला लावून आत पळाली. माझ्या सात वर्षांतला सगळ्यात हुशार विद्यार्थी तो.

शिकवणं म्हणजे काय, तेही सांगते, कारण त्यात जादू नाही. आधी मुलाची नजर पकडायची. बहिरं मूल आपल्याकडं बघत नसेल तर आपण त्याच्या जगात नसतोच. नजर मिळाली की दूध द्यायच्या आधी दुधाची खूण करायची, मग दूध द्यायचं. पुढच्या वेळी पुन्हा. दिवसातून दहा वेळा, महिना, दोन महिने. मूल नुसतं बघत राहतं. आयांचा धीर इथं सुटतो. मग एक दिवस मूल हात हवेत वेडावाकडा हलवतं आणि आईला कळतं की हे हात हलवणं नाही, बोबडं बोलणं आहे.

कोमल मला देवळाली प्रवऱ्याजवळच्या एका वस्तीवर भेटली. चहूबाजूंनी ऊस, मधे दोन खोल्या आणि गोठा. दहा महिन्यांची होती. मागून ताटावर डाव वाजवला, तिनं मान हलवली नाही. तिची आई मंदा, माहेर अकोल्याच्या डोंगरातलं, वय विशीच्या आसपास, कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. नवरा दत्तू, एकुलता एक. आणि दत्तूची आई यसूबाई. यसूबाईंनी पहिल्या भेटीत माझं आडनाव विचारलं आणि मला चहा कान तुटलेल्या कपात आला. असले कप मोजायचं मी तोवर सोडलं होतं.

"हाताचं शिकवून काय व्हनार?" यसूबाईंनी विचारलं. "लोक मुकी म्हन्त्याल."

"लोक आता काय म्हणतायत?" मी म्हटलं.

"आता लहान हाय म्हन्त्यात."

दत्तूनं मात्र खुणा आईच्याही आधी उचलल्या. शेतातून आला की दारातूनच कोमलला पाणी मागायचा. मंदा दूध पाजायच्या आधी, उचलायच्या आधी, दर वेळी स्वतःच्या कुंकवावर बोट ठेवायची. आई. मी आले. आई. दर मंगळवारी मी जायचे आणि ती म्हणायची, "नुसती बगती ओ बाई. माज्या कपाळाकडं बगत ऱ्हाती."

दोन महिन्यांनी एका मंगळवारी मी ओट्यावर चप्पल काढत होते. मंदा गोठ्याकडून येत होती. कोमल पोत्यावर बसलेली. तिनं आईला पाहिलं आणि भाकरीचं पीठ लागलेली अख्खी मूठ कपाळावर आपटली. पुन्हा आपटली. मंदा होती तिथंच, शेणाच्या पाटीसकट खाली बसली. म्हणाली, "बाई, मला हाक मारली तिनं."

या कामाचा पगार काय ते मला कुणी विचारलं तर मी हे सांगते.

त्यानंतर दीड महिन्यानं मोटार चालू करताना शॉक लागून दत्तू गेला.

मी तेराव्यानंतरच्या मंगळवारी गेले. मंदा भिंतीला टेकून बसली होती. हात मोकळे, गळा मोकळा, कपाळ रिकामं. निदान मला ते रिकामं दिसलं. कोमल तिच्यापासून हातभर लांब, पोत्यावर, पाठमोरी. तिच्या अंगात लांब बाह्यांचं झबलं होतं आणि त्याच्या दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून टाकलेली होती. तान्ही मुलं नखांनी तोंड ओरबाडतात म्हणून शिवतात तशी. पण कोमल तान्ही नव्हती.

"कुणी शिवलं हे?"

"म्या," यसूबाई आतून म्हणाल्या. बाहेर आल्या तेव्हा मला त्या ओळखू आल्या नाहीत, इतक्या वाळल्या होत्या. "भेटायला बाया येत्यात. ही उठून सुटून आयच्या म्होरं जाती आन कपाळाला हात लावती. बाया हंबरडा फोडत्यात. म्हन्त्यात, पोर दावती बगा, आयचं कुकू गेलं म्हनून. माज्या लेकाचं मरान ही पोर दिसातून धा-बारा येळा दावती. कसं बगू म्या?"

"ती मरण दाखवत नाही. ती आई म्हणते."

"ते तुमाला ठावं. आमच्या डोळ्याला कुकूच दिसतं."

आणि मग मी जे करते ते केलं. बोलले. बाईचं कपाळ ही नवऱ्याची मालमत्ता नाही. कुंकू लग्नाआधीपासून लावतात, मग नंतर का पुसायचं. मंदाला म्हटलं, तू आत्ता ऊठ आणि लाव, तुझ्या मुलीसाठी लाव. एकेक वाक्य बरोबर होतं. वडिलांच्या पत्रकातून जसंच्या तसं होतं.

मंदा जमिनीकडं बघत म्हणाली, "बाई, तुमी मंगळवारचं येता. मला सोमवारबी हितंच ऱ्हायचंय, आन बुधवारबी."

यसूबाईंनी एवढंच विचारलं, "तुमच्या घरचं कोन गेलंय का ओ?"

मी उठले. निघताना कोमलच्या समोर बसून तिची नजर पकडायचा प्रयत्न केला. तिनं तोंड फिरवलं. तेव्हा मला खरी भीती वाटली. चौदा महिन्यांच्या त्या मुलीकडं एकच शब्द होता. तो म्हटला की घरात रडारड व्हायची, आणि आता तोंडच शिवलं होतं. अशी मुलं शब्द विसरत नाहीत नुसती. बघायचंच सोडतात. आणि एकदा बघायचं सोडलं की मला त्यांच्यापर्यंत जायला वाट उरत नाही.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेले. दगडूकाकांना सगळं खुणांनी सांगितलं आणि म्हटलं, आईसाठी दुसरी खूण द्या. ते विचार करू लागले. नाकपुडीला बोट लावलं, चमकी. मी मान हलवली, काढली. मनगटावर वळसा, बांगड्या. फोडल्या. गळ्याखाली बोट, मंगळसूत्र. तेही. ते थांबले. बाईसाठी त्यांच्याजवळ ज्या ज्या खुणा होत्या त्यांतली प्रत्येक नवऱ्याबरोबर जाणारी निघाली. मी इतकी वर्षं पत्रकं वाटत होते आणि हातांनी मात्र हेच शिकवत होते. पन्नासेक घरांत शिकवलं असेल.

मी चिडून त्यांना विचारलं, तुम्ही असलीच खूण कशी निवडली? दगडूकाकांनी खिळे हातातून खाली ठेवले. म्हणाले: मी निवडली नाही. मी लहान असताना आई वाकून मला उचलायची, तेव्हा जे आधी दिसायचं ते. मग माझ्याकडं बोट करून म्हणाले: तू ठरवू नको. तिला विचार.

पुढच्या मंगळवारी काय घडलं ते सांगण्याआधी, कोमलचं आज काय चाललंय ते सांगून टाकते, नाहीतर मी शेवट गोड केला असं वाटेल. कोमल आता शाळेत आहे, आमच्याच संस्थेच्या वसतिगृहाच्या. तिथं वर्गात हात बाकाखाली ठेवायचा नियम आहे. तोंडानं ती "पापा" आणि "पानी" यांच्या मधलं काहीतरी म्हणते आणि त्याबद्दल तिला बक्षीस मिळालं. हात सुटले की पोरं मैदानात आपसात बोलतात, आणि तिथं ती पुढारी आहे असं ऐकते. मी साहेबांना त्या नियमाबद्दल चार अर्ज दिले. चौथ्याला उत्तर आलं की अर्ज तीन मिळाले, पहिला पुन्हा पाठवा. मी पाठवला नाही. मी दमलेय असं जे म्हणते ते हेच. घाट नाही, एसटी नाही. बरोबर असूनही काही हलत नाही, त्याचा हा थकवा आहे. पत्रकांत तो कुठं लिहिलेला नसतो.

तर तो मंगळवार.

मी ओट्यावर गेले तर कोमलच्या बाह्या उघड्या होत्या. टाके उसवलेले, दोरे लोंबत होते. मंदा तिला समोर घेऊन बसली होती आणि यसूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. सुनेचं आणि सासूचं आधीच काहीतरी झालं होतं, कारण यसूबाई वर बघत नव्हत्या.

मी दगडूकाकांनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, "मंदा, तिनं तुला काय म्हणून हाक मारावी?"

"जी मारती तीच," मंदा म्हणाली. मग सासूकडं वळून, मोठ्यानं नाही, पण ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्याबाई, ती कुकू न्हाई दावत. कुकू तर कवाच गेलं, मग कशाला दावील? ती गोंदन दावती."

मी तिच्या कपाळाकडं पाहिलं. दोन भुवयांच्या मधे, कुंकवाखाली इतके महिने झाकलेला, हिरवा टिपका होता. शेजारी अजून दोन बारके. मागच्या वेळी हेच कपाळ मला रिकामं दिसलं होतं.

"सात वर्साची हुते," मंदा म्हणाली. "जत्रंत आयनं गोंदून घेतलं. लई रडले. तवा ह्या घराचं नावबी ठावं नव्हतं मला."

यसूबाईंचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "गोंदन कोन पुसनार. ते मेल्यावं संगट जातं."

"मंग," मंदा म्हणाली.

"मंग काय. म्हनू दे."

मी एवढं बोलू शकले नसते. मला गोंदणाची चीड होती. लहान पोरींना सुया टोचण्याविरुद्धही आमच्याकडं पत्रक होतं.

मंदानं कोमलची हनुवटी वर केली, बोट त्या हिरव्या टिपक्यावर ठेवलं आणि वाट बघत राहिली. कोमल बघत नव्हती. मग बघितलं. हात उचलला, खाली घेतला, इकडं तिकडं पाहिलं, कुणी रडतंय का ते. कुणी रडलं नाही. तेव्हा तिनं कपाळावर बोट ठेवलं. मूठ नाही, एक बोट.

मग ती उठली आणि भिंत धरत, तोल सावरत दाराकडं गेली. यसूबाईंच्या समोर उभी राहून त्यांच्या तोंडाकडं नीट पाहू लागली. पदर सरकलेला होता. त्यांच्याही कपाळावर, सुरकुत्यांत विरलेलं, तसलंच गोंदण होतं. कोमलनं आपल्या कपाळावर बोट ठेवलं आणि त्यांच्याकडं पाहिलं.

ते चूक होतं. आजीची खूण वेगळी आहे, हनुवटीखाली. मूल चुकलं की तिथल्या तिथं नीट करायचं, नाहीतर चूक बसते, हा माझ्या धंद्याचा नियम. मी पुढं सरकले आणि माझ्या हनुवटीकडं हात नेला.

त्या घरात यसूबाईंना आई म्हणणारा एकच माणूस होता.

मंदानं माझ्यासमोर तळहात धरला आणि एकदा आडवा हलवला.